‘सर, तुम्हीच सांगा’ म्हणणाऱ्या टीमला घडवायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. हिशेब विभागात नऊ वर्षं काम केल्यावर तुमच्याकडे पाच जणांची टीम आली. वरिष्ठांनी सांगितलं, ‘आता कोचिंग-मेंटॉरिंगची कौशल्यं वाढवा.’ दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यात ‘उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा’ असं शिकवलं. तुम्ही विचारायला लागलात, तर मुलं तोंडाकडे बघतात आणि म्हणतात, ‘सर, तुम्हीच सांगा.’ सांगितलं, तर परवा तीच अडचण घेऊन परत दारात उभी. त्यात टीममधले एक जण तुमच्याहून वयाने मोठे आहेत आणि याच पदासाठी त्यांनीही अर्ज केला होता. त्यांना आपण काय शिकवणार, हा संकोच. आणि शेवटी, सर्टिफिकेट कोर्स करावा का?

मी स्वतः बरीच वर्षं हिशेब आणि अंतर्गत लेखापरीक्षणात काढली. आता नव्याने टीमलीड झालेल्यांना हेच काम शिकवते. त्यामुळे उदाहरणं आपल्याच धंद्यातली देते, चालेल ना?

तुम्हाला प्रश्न विचारता येत नाहीत, असं मला वाटत नाही. अडचण त्याच्या आधीची आहे. समोरच्याचं नेमकं कुठे अडलंय हे बघायच्या आधीच मदतीचा प्रकार ठरलेला असतो. प्रशिक्षणाआधी तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, प्रशिक्षणानंतर सगळ्यांना विचारताय. दोन्ही वेळा पाचही जणांना एकच औषध. या क्षणी या माणसाला कुठली मदत लागतेय हे ओळखणं, तेवढीच देणं, आणि काम पुन्हा त्याच्याच हातात ठेवणं, हे कौशल्य कमवायचंय. बाकीची तंत्रं त्याच्या मागून येतात.

कोचिंग आणि मेंटॉरिंग यांची सरमिसळही थोडी सोडवून घेऊ. हातातलं काम त्याला स्वतःला जमावं म्हणून जे करता ते कोचिंग. ते काही मिनिटांचं असतं, रोजच्या कामात मिसळलेलं असतं आणि साहेब म्हणून ते तुमचंच काम आहे. माणसाची पुढची काही वर्षं डोळ्यांसमोर ठेवून, स्वतःचा अनुभव आणि ओळखी त्याच्यासाठी वापरता ते मेंटॉरिंग. टीममधल्या लोकांसाठी ते तुम्हाला अर्धंच करता येईल. का, ते पुढे येईलच.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पगारवाढीसाठीचं मूल्यमापन तुमच्याच हातात असेल, तर लोक तुमच्यासमोर ‘मला येत नाही’ म्हणायला कचरणार, आणि तो संकोच दूर व्हायला महिने जातात. कामात चूक परवडते की नाही, हेही बघावं लागतं. चुकीच्या खात्यात गेलेलं पेमेंट परत मिळेलच असं नसतं. तिथे ‘तुला काय वाटतं?’ विचारत बसू नका. सरळ सांगा, करून घ्या, चर्चा नंतर. महिनाअखेरीलाही तसंच. टीम वेगवेगळ्या ठिकाणांहून काम करत असेल तर कोण कुठे अडलंय हे सहज नजरेला पडत नाही, त्यामुळे ठरवून बसावं लागतं.

आता मुद्द्याचं. माणूस अडला की मी मनातल्या मनात चार शक्यता तपासते. त्याला ते माहीतच नाही. माहीत आहे, पण हात बसलेला नाही. येतं सगळं, पण निर्णय घ्यायला घाबरतोय. किंवा अडचण त्याच्यात नाहीच: सिस्टीमचा ॲक्सेस मिळालेला नाही, दुसऱ्या खात्याने कागद अडवून ठेवलेत, मंजुरीचा अधिकारच नाही. माहीत नसेल तर सांगा. हात बसला नसेल तर करायला द्या आणि शेजारी बसा. भीती असेल तर प्रश्न विचारा आणि निर्णय त्यालाच घेऊ द्या. चौथ्या प्रकारात तुम्ही उठायचं आणि अडथळा काढून यायचं, तिथे कोचिंग म्हणजे निव्वळ छळ आहे. तुमच्या प्रशिक्षणात जे शिकवलं ते मुख्यतः तिसऱ्या प्रकाराचं होतं. जे माहीतच नाही, ते कितीही सुरेख प्रश्न विचारले तरी बाहेर यायचं नाही. मग माणूस दुसरं काय म्हणणार? ‘सर, तुम्हीच सांगा.’

याला संशोधनाचा आधारही आहे. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एक्सपर्टिज रिव्हर्सल’ नावाचा परिणाम मांडला. नवख्याला पायरी-पायरीने दाखवलं की तो लवकर शिकतो, पण तीच पायरी-पायरीची मदत जाणकाराला दिली की ती त्याच्या आड येते. म्हणजे तुमच्या टीममधल्या सहा महिन्यांचा अनुभव असलेल्या मुलाला जे उपकार वाटेल, तेच दहा वर्षं काम केलेल्या माणसाला अपमान वाटेल. आणि एकच माणूस जीएसटीच्या परताव्यात मुरलेला आणि परकीय चलनाच्या नोंदीत कोरा असू शकतो. ‘हा सीनियर, हा ज्युनियर’ अशी एकदाच चिठ्ठी चिकटवून भागत नाही. प्रत्येक कामापुरतं वेगळं बघावं लागतं.

कुठे अडलंय ते ओळखायला माझं एकच वाक्य आहे: ‘काय केलंस ते दाखव.’ सांग नाही म्हणत, दाखव म्हणते. सांगताना माणूस गोष्ट नीटनेटकी करून सांगतो. दाखवताना खरं काय झालं ते स्क्रीनवर दिसतं.

एक प्रसंग जवळून बघू. एक मुलगा आला. ‘मॅडम, बँकेचा ताळमेळ बसत नाही. ५,४०० चा फरक येतोय.’

‘काय काय तपासलंस?’

‘सगळं तपासलं.’

‘सगळं’ ऐकलं की मी पुढे जात नाही. ‘दाखव बरं, सुरुवात कुठून केलीस?’

त्याने दाखवलं. बँक स्टेटमेंट आणि आपलं बँक बुक, म्हणजे बँकेच्या व्यवहारांच्या आपण केलेल्या नोंदी, समोरासमोर ठेवून एकेका नोंदीवर टिक मारत तो वरून खाली आला होता. न वटलेले चेक वेगळे काढले होते, बँकेने कापलेले चार्जेस घेतले होते. पद्धत चोख होती. दुसऱ्यांदा तेच करायला बसला होता, आणि तिसऱ्यांदाही बसला असता. म्हणजे कष्टाची कमी नव्हती, हातही बसलेला होता. त्याला एवढंच ठाऊक नव्हतं की नोंदी चाळायच्या आधी फरकाचा आकडा स्वतःच काही बोलतोय का ते बघायचं असतं.

हे मी त्याला सांगितलं. विचारून काढायचा प्रयत्नही केला नाही. शेजारशेजारचे दोन अंक उलटे टंकले गेले की येणाऱ्या फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो. एखादं शून्य गळलं तरी जातो. आणि जमेची नोंद नावे पडली असेल तर फरक मूळ रकमेच्या दुप्पट येतो, म्हणून फरकाची निम्मी रक्कम शोधून बघायची. ९ ने भाग गेला म्हणजे अंक उलटेच झालेत अशी खात्री नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. एवढं बोलायला मिनिटभर लागलं असेल.

मग विचारलं, ‘आता ५,४०० घेऊन काय करशील?’ आणि गप्प बसले.

तोही गप्प. कॅल्क्युलेटरवर काहीतरी केलं. म्हणाला, ‘भाग जातो. ६०० येतात.’ पुन्हा शांतता. माझ्या जिभेवर पुढचं वाक्य आलं होतं, ते गिळलं. थोड्या वेळाने म्हणाला, ‘शून्य गळलं असेल तर कुठेतरी ६,००० चे ६०० झाले असतील. नाहीतर हजार आणि शंभरच्या जागचे अंक उलटे. दोन अंकांत ६ चा फरक पाहिजे… ७१ चे १७, ८२ चे २८…’ मग तो स्क्रीनकडे वळला आणि मी तिथे आहे हे विसरला. ७,१०० च्या जागी १,७०० पडले होते.

या सगळ्यात सांगणंही होतं आणि विचारणंही. जे त्याच्याकडे नव्हतं ते दिलं, जे तो स्वतः काढू शकत होता ते त्याच्यावर सोडलं. माउसला हात लावला नाही, हे मात्र फार महत्त्वाचं. उठायच्या आधी आणखी एकच विचारलं: ‘पुढच्या महिन्यात फरक आला, तर माझ्याकडे यायच्या आधी काय करशील?’ त्याने स्वतःच्या शब्दांत चार ओळी वहीत लिहिल्या. तुमचं सांगितलेलं परवा विसरलं जातं, याचं बरंचसं कारण इथे आहे. सांगून झालं की तुम्ही उत्तर देऊन मोकळे होता, आणि तो उत्तर घेऊन मोकळा होतो. पुढच्या वेळचा विचार कोणीच केलेला नसतो.

आता शांततेबद्दल. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमध्ये मोजमाप केलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत असल्याचं दिसलं. तो अवधी तीन सेकंदांवर नेला, तर मुलांची उत्तरं लांबली आणि उत्तरच न येण्याचं प्रमाण घटलं. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. उद्या मनात मोजून बघा, तिसऱ्यापर्यंत पोचताना जीव घुसमटतो. ऑफिसात तर साहेब गप्प बसला की तो चिडलाय असंच लोकांना वाटतं, म्हणून मी आधी सांगून टाकते, ‘विचार कर, मला घाई नाही.’ आणि खरंच घाई असेल तर प्रश्न विचारूच नये.

दुसरं असं की तुम्ही विचारताय त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या खिशात आहे, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. मग ती काम सोडून तुमच्या मनातला आकडा ओळखायच्या मागे लागतात. असा प्रश्न म्हणजे तोंडी परीक्षा. ज्याचं उत्तर तुम्हालाही खरोखर माहीत नाही असं विचारा. ‘या तीनपैकी हीच नोंद आधी का घेतलीस?’ ‘कुठपर्यंत खात्री वाटत होती, आणि कुठे डगमगलास?’ ‘मी आज ऑफिसला आलेच नसते तर काय केलं असतंस?’ हा शेवटचा फार कामाला येतो. बहुतेकदा उत्तर तयार असतं, हवा असतो तो नुसता होकार. अशा वेळी होकारसुद्धा पटकन देऊ नका. ‘बरोबर वाटतंय, कर’ इतकंच म्हणा आणि निकालाची जबाबदारी त्याच्याकडेच राहू द्या.

बऱ्याच टीममध्ये ‘अडचण आणायची तर दोन पर्याय सोबत आणा’ असा नियम असतो. मला तो आवडतो, पण सगळ्यांसाठी नाही. नवख्याला दोन पर्याय कुठून सुचणार? तो नियमाचा अर्थ ‘येऊच नका’ असा घेतो, चूक दाबून ठेवतो आणि ती ऑडिटमध्ये वर येते. काम येणाऱ्या पण निर्णय टाळणाऱ्यांसाठी मात्र नियम उत्तम.

प्रशिक्षणात तुम्हाला ‘ग्रो’ची चौकट दिली असेलच: ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि शेवटी काय करणार याचा निश्चय. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात ती घडली आणि जॉन व्हिटमोर यांच्यामुळे जगभर पोचली. चौकट चांगली आहे, फॉर्मसारखी भरू नका एवढंच. नवे टीमलीड ध्येय विचारून थेट पर्यायांवर उडी मारतात. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळ सद्यस्थितीवर जायला हवा. ती नीट दिसली की पर्याय माणसाला आपोआप सुचतात, आणि नाही सुचले तर त्याला काय माहीत नाही ते तुम्हाला कळतं.

तुमच्या नऊ वर्षांच्या अनुभवाबद्दल थोडं कडू बोलते. तो अनुभव शिकवताना आडवा येतो. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काहींनी ओळखीच्या गाण्याची लय टेबलावर बोटांनी वाजवायची, समोरच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. आपण ‘अरे, सोपं आहे, लेजर बघ’ म्हणतो तेव्हा समोरच्याला टकटकच ऐकू जाते.

यावर माझा उपाय, काम मोठ्याने करणं. आठवड्यातून एकदा अर्धा तास तुम्ही स्वतः पुरवठादारांची बिलं तपासायला बसा, एका-दोघांना शेजारी घ्या, आणि डोक्यात जे चाललंय ते जसंच्या तसं बोला. ‘याचे बिलनंबर बघ, सलग आहेत. चार महिन्यांत याने आपल्याशिवाय कोणालाच बिल दिलं नाही? हा खरोखर धंदा करतोय ना?’ ‘ही रक्कम मंजुरीच्या मर्यादेच्या जेमतेम खाली आहे. त्याच तारखेला आणखी एक बिल आहे का, बघू.’ ‘या दोन पुरवठादारांचा बँक खाते क्रमांक एकच कसा?’ आपल्याला हे ‘खटकतं’ आणि आपण पुढे जातो. मुलांना खटकत नाही, कारण कुठे बघायचं हेच त्यांना दिसलेलं नसतं. कागदावरच्या कार्यपद्धतीत यातलं क्वचितच काही असतं. बोलताना मुलांना मध्येच टोकू द्या. ‘पण हे तुम्हाला कसं कळलं?’ असं कोणी विचारलं की समजा, तिथे तुम्ही एक पायरी गाळली होती.

अभिप्रायावर फार लांबण लावत नाही, पण एक गोष्ट माहीत असू द्या. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सरासरीत अभिप्रायाने काम सुधारत होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते बिघडलं. त्यांच्या मांडणीनुसार, लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे गेलं की परिणाम घटतो. म्हणून ‘तू निष्काळजी आहेस’ या वाक्याने काहीच हाती लागत नाही. ‘काल दुपारी पाठवलेल्या थकबाकीच्या यादीत तीन ग्राहकांची जुनी शिल्लक होती. विक्रीवाल्यांनी त्यांना फोन करून पैसे मागितले आणि त्यांनी ते आधीच भरलेले होते.’ प्रसंग, कृती, परिणाम. मग थांबा, त्याला बोलू द्या. कौतुकालाही हेच लागू आहे. ‘छान काम’ ऐकून माणूस खूश होतो, पण नेमकं काय पुन्हा करायचं ते त्याला कळत नाही.

मेंटॉरिंग तुम्हाला अर्धंच जमेल असं मी वर म्हटलं. कॅथी क्रॅम यांनी १९८० च्या दशकात या नात्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी मेंटॉरच्या कामाचे दोन भाग सांगितले. एक करिअरचा: संधी मिळवून देणं, वरच्यांच्या नजरेस आणणं, पाठीशी उभं राहणं. दुसरा मनाचा: आधार, आदर्श, मोकळेपणा. पहिला भाग साहेब म्हणून तुम्ही उत्तम करू शकता, खरं तर इतर कोणाहूनही चांगला. लेखापरीक्षकांसोबतच्या बैठकीत टीममधल्या एखाद्या मुलीला न्या आणि तिने केलेलं पत्रक तिलाच मांडू द्या. वरिष्ठांना मेल पाठवताना काम कोणाचं ते नाव घेऊन लिहा. बढतीची चर्चा चालते तिथे ती नसते, तुम्ही असता, तिथे तिच्यासाठी बोला. नुसता सल्ला देणारे पुष्कळ मिळतात, आपली पत पणाला लावून नाव पुढे करणारा मिळणं कठीण.

दुसऱ्या भागात मात्र अडचण आहे. ‘मला हे खातंच सोडायचंय’ किंवा ‘मला तुमच्याच वागण्याचा त्रास होतो’ हे कोणी आपलं मूल्यमापन करणाऱ्याला सहसा सांगणार नाही, आणि सांगावं अशी अपेक्षाही धरू नये. यासाठी दुसऱ्या विभागातला कोणीतरी अनुभवी माणूस जोडून द्या, आणि त्यांच्यात काय बोलणं झालं ते विचारू नका. अगदी सहजसुद्धा नाही. तुम्हीही दुसऱ्या टीममधल्या एखाद्याचे मेंटॉर व्हा. तिथे हातात अधिकार नसतो, त्यामुळे नुसतं ऐकून घेण्याचा सराव होतो. पहिल्याच भेटीत तीन गोष्टी बोलून घ्या: किती दिवसांनी भेटायचं, कशासाठी, आणि कधी थांबायचं. भेटीचा विषय शिकणाऱ्याने आणायचा. तसं ठरवलं नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून मेंटॉर स्वतःच्या तरुणपणाच्या गोष्टी सांगत बसतो आणि समोरचा घड्याळ बघतो. थांबण्याचं आधी बोलून ठेवणं थोडं कोरडं वाटतं, पण नातं जबरदस्तीने ओढलं जात नाही.

सर्टिफिकेटचं विचारलंत. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही या क्षेत्रातली मोठी संस्था १९९५ पासून आहे. तिच्या पहिल्या पातळीच्या मान्यतेला किमान १०० तास प्रत्यक्ष कोचिंग केलेलं असावं लागतं, पुढच्या पातळीला ५००, आणि सर्वांत वरच्या पातळीला २,५००. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुस्तकी अभ्यासाच्या जोडीला प्रत्यक्ष बसण्याचे तास किती मोजले जातात ते यातून दिसतं. पुढे कोचिंग हाच व्यवसाय करायचा असेल तर त्या वाटेने जा. पाच जणांची टीम नीट चालवायला त्याची गरज नाही. तेवढे पैसे आणि वेळ वाचवा.

त्याऐवजी असं करा. तुमच्यासारखाच नवा टीमलीड दुसऱ्या विभागात असेल, त्याच्याशी जोडी जमवा. एकमेकांच्या एखाद्या संभाषणात कोपऱ्यात बसायचं, अर्थात टीममधल्या माणसाला आधी विचारून. कोण किती बोललं, आणि पहिला सल्ला कितव्या मिनिटाला बाहेर पडला, एवढंच टिपायचं. कोणी नसेल तर परवानगीने एखादं संभाषण रेकॉर्ड करा आणि घरी ऐका. ऐकवत नाही, हे आधीच सांगते. आपण किती वेळा समोरच्याचं वाक्य तोडतो ते कोणी सांगून पटत नाही, ऐकल्यावर पटतं. एका वेळी एकच सवय धरा. काही आठवडे फक्त थांबण्याचा सराव, मग फक्त ‘दाखव’. सगळं एकदम सुरू केलंत तर बोलणं कृत्रिम होतं आणि टीमला लगेच कळतं की साहेब कुठलंसं प्रशिक्षण करून आलेत.

फायदा होतोय का हे टीमला विचारू नका. ‘हो सर, खूप’ असंच उत्तर येईल. तीच अडचण पुन्हा तुमच्याकडे येते का ते बघा. तुम्ही रजेवर असताना किती निर्णय अडून राहिले ते बघा. आणि चूक झाली की ती तुम्हाला त्यांच्याकडून कळते की तिसऱ्याकडून, हे सगळ्यात आधी बघा.

कोचिंग कुठे करू नये हेही सांगायला हवं. वारंवार सांगूनही काम होत नसेल, तर ते कामगिरीचं बोलणं आहे, ते त्याच नावाने आणि स्पष्ट मुदत देऊन करा. ‘तुझं कोचिंग करतोय’ म्हणत नोटिशीची तयारी चालवली, तर बाकीचे चौघं तो शब्द कायमचा धसक्याने ऐकतील. कोणाची झोप उडालीये, घरचं काही कोसळलंय असं दिसलं तर ऐका, कामाचा भार हलका करा आणि योग्य तज्ज्ञाकडे जायला सुचवा. तिथे चौकटी आणि प्रश्न घेऊन बसू नका.

राहिले तुमच्याहून मोठे असलेले सहकारी. त्यांना कोच करायचंच नाही, निदान आत्ता तरी. ते पद त्यांनाही हवं होतं हे सगळ्या टीमला माहीत आहे. फक्त तुम्ही दोघंच ते माहीत नसल्यासारखं वागत असणार. एकदा, एकांतात, दोन वाक्यांत बोलून टाका: ‘या जागेसाठी तुम्हीही होतात, मला कल्पना आहे. तुमच्या जागी मी असतो तर मलाही जड गेलं असतं.’ पुढे स्पष्टीकरण नको, समजूत घालणं तर अजिबात नको. सांत्वन म्हणून ‘तुम्ही मुलांचे मेंटॉर व्हा’ असंही म्हणू नका, त्यांना ते लगेच कळेल. खरा अधिकार असलेलं एखादं काम पूर्णपणे सोपवा, जुन्या न जुळलेल्या शिल्लकांचा निपटारा किंवा लेखापरीक्षकांच्या शंकांना उत्तरं देणं, असं ज्यात तुम्ही मध्ये नाक खुपसणार नाही. त्या कामासाठी एखादा ज्युनियर मदतीला मागितला तर द्या, आणि त्याला तयार करण्याचं श्रेय त्यांच्या मूल्यमापनात लिखित स्वरूपात येईल असं बघा. एवढं करूनही ते काही महिने तुटकच वागतील. वागू द्या. कामाच्या वेळा आणि दर्जा सगळ्यांना सारखाच ठेवा, त्यांना वेगळी सूट नको आणि वेगळा जाचही नको. पहिल्या बोलण्यासाठी त्यांना तुमच्या केबिनमध्ये बोलावू नका, तुम्ही त्यांच्या टेबलापाशी जा, ते मोकळे असतील तेव्हा त्यांना बाहेर घेऊन जा. आणि एकच विचारा: ‘ही टीम तुमच्या हातात असती, तर आधी काय बदललं असतंत?’ जे सांगतील त्यातली एक तरी गोष्ट त्याच महिन्यात करून दाखवा, आणि ती कोणी सुचवली ते सगळ्यांसमोर सांगा.